लोकानुरंजनाचें मूळ : अमेरिकेंतील लोकपक्ष

लोकानुरंजन हा शब्द हल्लीं निंदाव्यंजक झाला आहे. परंतु ज्या 'पॉप्युलिस्ट' या संज्ञेसाठीं तो योजिला जातो, ती अमेरिकेंत प्रथम शेतकऱ्यांच्या एका पक्षाच्या अनुयायांस उद्देशून रूढ झाली. हें अर्थांतर कसें झालें, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेंतील यादवी युद्ध (१८६१-६५) संपल्यावर कापसाचा भाव कोसळला. त्याची झळ दख्खनलाही लागली. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें उसळलेल्या दंग्यांत कुणब्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. अमेरिकेच्या दक्षिणेंतील शेतकरीही उभें पीक दुकानदाराकडे गहाण टाकून उधारीवर माल उचलीत असे. त्यांतच १८७३ च्या कायद्यानें रुप्याचें खुलें टांकण बंद झालें. शेतमालाचे भाव उतरत गेले, तसतसा कर्जाचा भार वाढला. आमच्या कुणब्यास मताधिकार नव्हता. तिकडील शेतकऱ्यास तो होता. म्हणून तिकडे पक्ष निघाला.

४ जुलै १८९२ रोजीं ओमाहा येथें लोकपक्षानें आपला जाहीरनामा मंजूर केला. सोळास एक या प्रमाणांत रुप्याचें खुलें टांकण, चढता प्राप्तिकर, आगगाड्या व तारायंत्रें यांची सरकारी मालकी, या त्यांतील ठळक मागण्या होत. त्या वर्षीं पक्षाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांस दहा लाखांहून अधिक मतें पडलीं. १८९६ मध्यें पक्षानें डेमोक्रॅटिक पक्षाचे ब्रायन यांसच आपला उमेदवार केलें. त्यांचा पराभव झाला व पक्षही ओसरला.

तेवढ्यावरून त्याचें कार्य फुकट गेलें, असें म्हणतां येत नाहीं. प्राप्तिकर व सेनेटरांची प्रत्यक्ष निवडणूक या त्याच्या दोन मागण्या १९१३ मध्यें घटनेंत समाविष्ट झाल्या. परंतु टॉम वॉटसन यांचें चरित्र दुसरी बाजू दाखवितें. जॉर्जियांतील या पुढाऱ्यांनीं १८९२ च्या सुमारास गोऱ्या व काळ्या शेतकऱ्यांस एकत्र आणण्याचा यत्न केला. त्यांनींच पुढें काळ्यांचा मताधिकार हिरावून घेण्यास पाठिंबा दिला, कॅथलिक व यहुदी यांविरुद्ध विखारी लिखाण केलें, आणि १९२० मध्यें ते सेनेटवर निवडून आले.

गाऱ्हाणें खरें होतें. तें व्याज, वाहतूक व चलन यांच्या हिशेबावर उभें होतें तोंवर त्यांतून कायदे निघाले. तें शेजाऱ्याच्या माथीं मारलें गेलें तेव्हां केवळ मतें मिळालीं. म्हणून कोणत्याही चळवळीस लोकानुरंजक म्हणून झिडकारण्यापूर्वीं तिचें गाऱ्हाणें कोणतें व त्याचा दोष ती कोणास देते, हे दोन प्रश्न अभ्यासकांनीं वेगळे ठेवावे, असें आमचें नम्र मत आहे.