पोर बिघडते की वस्ती?



पोर हाताबाहेर गेले की आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणतो, "ते त्याच्या रक्तातच आहे." दुसरा म्हणतो, "संगतीने बिघडला." वाशीम असो, कारंजा असो की रिसोड, गावाच्या कडेच्या एखाद्या वस्तीतील मुलांचा विषय निघाला की हीच दोन वाक्ये पारावर ऐकू येतात आणि शिक्षकांच्या खोलीतही. वाक्ये साधी आहेत. पण त्यांतले कोणते खरे मानायचे, यावर पुष्कळ मुलांचे आयुष्य ठरत आले आहे.

पहिल्या उत्तराचा तर एके काळी कायदाच झाला होता. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो पुढे देशभर पसरला आणि पारधी, कैकाडी यांसारख्या जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. सोलापुरात तर अशा कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवून त्यांची हजेरी घेत. कुंपणाआड जन्मलेल्या पोरावर, त्याने काही करण्याआधीच, शिक्का बसे. स्वराज्य आल्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा उठला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. कायदा गेला, पण लोकांच्या मनातली हजेरी अजून गेलेली नाही.

आता दुसरे उत्तर पाहू. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण तुम्हां-आम्हांला आजीपासून ठाऊक आहे. हीच गोष्ट अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलंड यांनी शास्त्राच्या भाषेत मांडली: गुन्हा हा उपजत नसतो, तो जवळच्या माणसांकडून शिकला जातो. पण मग ढवळ्याला तो गुण कुठून लागला? म्हणजे नुसत्या बैलाकडे पाहून भागत नाही, गोठाही पाहावा लागतो.

हा गोठा शिकागो शहरात दोघा संशोधकांनी पाहिला. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी बालन्यायालयाची अनेक वर्षांची दप्तरे काढली आणि प्रत्येक मुलाचे घर नकाशावर टिपले. त्यांचा ग्रंथ १९४२ साली निघाला. कारखान्यांजवळच्या पडक्या, दाटीच्या वस्त्यांत खुणांची गर्दी दिसली. त्या वस्त्यांत आधी जर्मन आणि आयरिश लोक राहत, नंतर इटालियन आणि पोलिश आले. माणसे बदलली, भाषा बदलली, पण त्या वस्त्यांतले गुन्ह्यांचे प्रमाण चढेच राहिले. आणि तिथून चांगल्या भागात राहायला गेलेल्या त्याच लोकांच्या मुलांत ते उतरले.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. एखाद्या वावरात तूर दरवर्षी मर रोगाने वाळत असेल, बियाणे बदलले तरी वाळत असेल, तर तो बियाण्याला किती दिवस शिव्या देईल? शेवटी तो माती पाहतो. मात्र एक लक्षात ठेवा. त्या वावरातही सगळीच झाडे वाळत नाहीत. शास्त्र वस्तीतील प्रमाण सांगते. अमुक मुलगा बिघडणारच, असे भविष्य ते सांगत नाही. तसे सांगितले, तर तो पुन्हा १८७१ चाच कायदा होईल.

शिकागोचा हा विचार आपल्या मुंबईतही आला. शिकागो विद्यापीठात शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ साली मराठी मिशनतर्फे मुंबईस आले. नागपाडा म्हणजे तेव्हा कष्टकऱ्यांची, नाना धर्मांची दाट वस्ती. तिथे त्यांनी 'नेबरहुड हाऊस' उभे केले. शेजारघरच म्हणा ना! उपदेश करण्याऐवजी वस्तीत राहून तिच्या गरजा पाहायच्या, अशी ही रीत. याच घरात १९३६ साली समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९५४ साली ती देवनारला गेली. आणि नागपाड्याच्या पोरांना काय मिळाले? बास्केटबॉल! त्या मैदानावर घडलेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. वस्ती तीच, गल्ल्या त्याच. फक्त शाळा सुटल्यावर जायला एक जागा झाली.

पण मैदानाने सारेच भागते असे समजू नका. रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ साली दाखवले, की समाज सर्वांना एकच स्वप्न दाखवतो, पैसा आणि मान. पण तिथे पोचण्याच्या सरळ वाटा सर्वांना देत नाही. वाट बंद झाली की काही जण आडवाट धरतात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि असंख्य कामगार पुन्हा कामावर गेलेच नाहीत. बाप गिरणीत, मग मुलगाही गिरणीत, ही वाट तुटली. त्या वर्षांत गिरणगावातली काही मुले टोळ्यांकडे वळली. त्याच चाळी पूर्वी भजनी मंडळे, व्यायामशाळा आणि कलापथके पोसत होत्या. रक्त एका वर्षात बदलत नाही, वाट मात्र बदलते.

१९९८ साली वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला. गावे वाढतात तशा त्यांच्या कडेच्या वस्त्याही वाढतात. कुणी पाऊस हुकला म्हणून येतो, कुणी मजुरीसाठी. तिथला मुलगा वर्गात मागच्या बाकावर बसला असेल, तर गुरुजी, त्याच्याविषयी शेरा लिहिण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. शाळा सुटल्यावर तो कुठे जातो? तिथे त्याच्याबरोबर कोण असते? आणि शिकून त्याला गाठता येईल असे कोणते काम त्याने डोळ्यांनी पाहिले आहे? गावकऱ्यांनीही एवढे करावे: संध्याकाळी शाळेच्या मैदानाचे फाटक उघडे ठेवावे आणि तिथे एका जाणत्या माणसाने उभे राहावे. खर्च फारसा नाही. पण त्या वेळी फाटकाला कुलूप असेल, तर मुलगा कुठे गेला हे त्याला विचारण्याआधी कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हे आपण विचारले पाहिजे.