हायड्राझीन-उत्प्रेरक

कृत्रिम उपग्रह व अवकाशयाने यांची दिशा वा कक्षा सुधारणाऱ्या लहान रॉकेट एंजिनांत द्रव हायड्राझिनाचे अपघटन घडवून आणणारे घन पदार्थ. या अपघटनात अमोनिया व नायट्रोजन हे वायू आणि पुष्कळ उष्णता निर्माण होते. तप्त वायू नळीतून बाहेर पडून यानास रेटा मिळतो. वेगळ्या ऑक्सिडीकारकाची गरज नसते.

अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील आरंभीचे उत्प्रेरक लोह, कोबाल्ट व निकेल यांची संयुगे ॲल्युमिनाच्या गोळ्यांवर बसवून केलेले होते. ते तापल्यावरच काम देत. त्यामुळे मरिनर–२ (१९६२) व मरिनर–४ (१९६४) या यानांत प्रथम थोडे नायट्रोजन टेट्रॉक्साइड सोडून एंजिन पेटवावे लागे. मरिनर–४ चे एंजिन दोनदाच पेटविता येण्यासारखे होते. मार्गात तिसऱ्यांदा सुधारणा करण्याची सोयच नव्हती.

ही अडचण त्याच दशकात शेल डेव्हलपमेंट कंपनीच्या ‘शेल–४०५’ या उत्प्रेरकाने दूर केली. यात सच्छिद्र ॲल्युमिनावर वजनाने सु. ३२ टक्के इरिडियम असते. खनिज तेल उद्योगातील प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरकांत धातू एक टक्क्याहूनही कमी असतो, हे पाहता सोन्याहून दुर्मिळ अशा धातूची ही उधळपट्टीच वाटेल. परंतु थंड द्रव येताच काही सहस्रांश सेकंदांत विक्रिया सुरू व्हावयाची, तर दर घन सेंटिमीटरमागे क्रियाशील पृष्ठभाग मोठा हवा. एकदाच भिजवून एवढा धातू बसत नाही. इरिडियमाच्या लवणाच्या विद्रावात भिजविणे व वाळविणे या क्रिया पुनःपुन्हा कराव्या लागतात. प्रमाण वाढेल तसे कण मोठे होतात व छिद्रे अरुंद होतात. म्हणून एका मर्यादेपलीकडे जादा धातूचा लाभ घटत जातो. फार थंड स्थितीत एंजिन सुरू केल्यास छिद्रांतील दाबाने गोळ्या फुटतात. यासाठी उत्प्रेरकाचा थर आधी विजेने तापवितात. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर–१ यानाची १९८० पासून बंद असलेली अशी एंजिने २०१७ मध्ये पुन्हा चालविण्यात आली, तेव्हा ती पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली.

भारताच्या आयआरएस–१ए (१९८८) या उपग्रहावर हायड्राझिनाची एंजिने होती. पुण्याच्या उच्च ऊर्जा द्रव्य संशोधन प्रयोगशाळेचा भर मुख्यतः स्फोटके व घन प्रणोदके यांवर आहे. घन प्रणोदकांतील उत्प्रेरकांना आधारद्रव्य लागत नाही; लोहाचे ऑक्साइड वा कॉपर क्रोमाइट यांची पूड अल्प प्रमाणात प्रणोदकातच मिसळतात व ती त्याबरोबरच बाहेर पडते.