उस्तादाचा कान आणि गाडीचा मेंदू

आमच्या अनसिंगसारख्या गावात दोन विद्या उस्तादाकडूनच शिकायच्या. एक शायरी आणि दुसरी मिस्त्रीगिरी. शेराचं वजन कुठं चुकलं हे शायर कानानं ओळखतो. इंजिन कुठं अडखळतंय हे मिस्त्रीही कानानंच ओळखायचा. कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला की गाडी सुरात येई.

हा कान पुरेनासा का झाला, त्याचा इतिहास फार जुना नाही. १९६७ साली जर्मनीत फोक्सवॅगनच्या मोटारीत बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली आली. आपल्याकडे वळण आलं ते १९९९मध्ये. दिल्ली परिसरातल्या नव्या मोटारींच्या धुरावर सर्वोच्च न्यायालयानं कडक निकष लावले आणि कार्बोरेटर मागं पडू लागला. किती इंधन, कोणत्या क्षणी, हे आता ‘ईसीएम’ नावाची बंद पेटी ठरवू लागली. १ एप्रिल २०२०पासून ‘बीएस-६’ आलं आणि मोटारसायकलीतही ती पेटी शिरली. जानेवारी २०२३पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही कडक निकष लागू झाले. तीच पेटी शेतात पोचली.

पेटी जळाली तर दुसरी आणून जोडली, इतकं हे सोपं नाही. नवी पेटी बहुधा कोरी असते. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला संगणक जोडून तिच्यात त्या मॉडेलची आज्ञावली भरावी लागते. गाडीचा चासी नंबर लिहावा लागतो. डिझेल गाडीत बहुधा प्रत्येक इंजेक्टरवरचा सांकेतिक क्रमांकही नोंदवावा लागतो. किल्लीतली चिप पेटीनं ओळखली नाही, तर इंजिन सुरूच होत नाही. हे काम चालू असताना बॅटरी उतरली, तर नवी पेटीही निकामी होऊ शकते.

चोरी रोखायला हे कुलूप हवंच. पण त्याची किल्ली फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे राहिली, तर गावच्या मिस्त्रीनं काय करावं? हा प्रश्न एका तक्रारीतून भारतीय स्पर्धा आयोगापुढं गेला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगानं १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजेत, असं बजावलं. पुढं अपिलं झाली. पण मिस्त्रीचा हक्क सरकारदरबारी नोंदला गेला. २०२२मध्ये केंद्र सरकारनं ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारी आणि शेतीची अवजारंही आली.

ऐन सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टर अडला, तर शेतकऱ्यानं तो ओढत वाशीमला न्यायचा की अकोल्याला? गावच्या मिस्त्रीच्या हाती ही विद्या आली, तर त्याचे दिवस वाचतील. आमची पोरं संगणकाला घाबरत नाहीत. त्यांना परवडणारं यंत्र, खरी आज्ञावली आणि शिकवणारा उस्ताद मिळायला हवा.