एका दिवसाची किंमत

आमच्या क्रूझच्या वेळापत्रकात मॉरिशसला एकच दिवस होता. सकाळी पोर्ट लुईला उतरायचं, संध्याकाळी जहाजावर परत. बहुतेक सहप्रवासी बीचवर गेले. मी बंदराच्याच भागातल्या आप्रवासी घाटावर गेले.

पाहायला तिथे फार काही नाही. दगडी बांधकामाचे अवशेष आणि १६ पायऱ्या. पण २००६ पासून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, ती या पायऱ्या चढून गेलेल्या माणसांमुळे.

१८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांवर मात्र राबणारे हात हवेच होते. त्याची तजवीज आधीच सुरू झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजातून हिंदुस्थानातले ३६ करारबद्ध मजूर इथे पोचले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. सगळ्यात जास्त बिहारकडची. पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटत आणि त्यांतून रत्नागिरीकडची मराठी माणसं येत. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात.

करार, म्हणजेच 'ॲग्रीमेंट'चं झालेलं 'गिरमिट', बहुधा ५ वर्षांचा असे. पगार महिन्याला साधारण ५ रुपये आणि वर शिधा. एक खाडा झाला तर पगार मात्र दोन दिवसांचा कापत. याला 'डबल कट' म्हणत. आजारपणाची, थकव्याची किंमतही अशी दुप्पट.

बरं, करार संपल्यावर तरी सुटका? १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरांनाही स्वतःचा फोटो लावलेला पास जवळ बाळगायची सक्ती केली. पास नसला की पोलीस 'भटक्या' ठरवून पकडत. नातेवाइकाला भेटायला दुसऱ्या जिल्ह्यात जाणंही जोखमीचं झालं.

माझ्या गळ्यातही जहाजाचं कार्ड होतं. मशीनला लावलं की स्क्रीनवर माझा फोटो येई. पण ते मला परत आत घेण्यासाठी होतं. त्यांचा पास त्यांनी कुठे जाऊ नये म्हणून होता. फोटो दोन्हीकडे, अर्थ अगदी उलटा.

ही माणसं गप्प बसली नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. १८७१ मध्ये ॲडॉल्फ द प्लेव्हिट्झ या गोऱ्या मळेवाल्याच्या मदतीने ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावरून लंडनहून चौकशी आयोग आला आणि १८७८ मध्ये कामगार कायदा बदलला.

त्या अर्जात कुणी राज्य मागितलं नव्हतं. ज्या बेटावर आपण घाम गाळला, तिथे अटकेच्या भीतीविना फिरता यावं, एवढंच मागणं होतं. आपण ज्याला 'एक दिवसाची सहल' म्हणतो, ती गोष्ट मिळवायला त्या माणसांना सरकारदरबारी अर्ज करावा लागला.