कुंपणावरचा परका

गावाबाहेरच्या ज्या उघड्या, खडकाळ माळावर दुसरे काही तग धरीत नाही, तेथे फड्या निवडुंग हटकून उभा असतो. तो आपल्या इतक्या ओळखीचा आहे की परका वाटतच नाही. परंतु त्रिधारी निवडुंग आपल्या भूमीचा. फड्या आला तो अमेरिका खंडातून. आणि त्याच्या प्रसाराचा एक धागा रंगाच्या लोभाशी जोडलेला आहे.

मेक्सिकोतील लोक या निवडुंगावर एक बारीक किडा पाळीत. त्याची मादी वाळवून चुरली की गडद किरमिजी रंग मिळे. पौंडभर रंगद्रव्यास सुमारे ७०,००० किडे लागत. स्पेनने हा व्यापार डोळ्यांत तेल घालून जपला. १७७७ साली थिएरी द मेनोनव्हिल या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ओआहाकाहून किडे आणि निवडुंग गुपचूप पळविले. ईस्ट इंडिया कंपनीलाही तोच मोह पडला. मद्रासचे डॉ. जेम्स अँडरसन यांनी या किड्यांसाठी निवडुंगाची बागच उभारली. पुढे १७९५ साली कॅप्टन नीलसन याने ब्राझीलमधून किडे कलकत्त्यास आणले. पण हाय! ते रानटी जातीचे निघाले. रंग हलका, व्यापार बुडाला.

निवडुंग मात्र राहिला. त्याला लावण्याचे कौशल्य ते काय? फडा तोडावा, जखम चार दिवस सावलीत सुकू द्यावी, मुरमाड जमिनीत टेकवावा. पाणी साचले तरच तो कुजतो. दिवसा तो आपली रंध्रे मिटून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडतो, म्हणून उन्हाने कोमेजत नाही. शेतकऱ्यांनी त्याचे कुंपण केले, दुष्काळात काटे जाळून तो गुरांना चारला. हा उपकार विसरता येणार नाही. पण पडलेला प्रत्येक तुकडा मूळ धरी, आणि कुंपणानेच शेत गिळावयास आरंभ केला.

आता गंमत पाहा. रंगाच्या कामी नापास झालेल्या त्याच किड्याने उत्तर व मध्य हिंदुस्थानातील निवडुंगाची एक जात जवळजवळ फस्त केली! तेव्हा एकोणिसाव्या शतकात तो मुद्दाम दक्षिणेत व सिंहलद्वीपात नेण्यात आला. तणाचा नाश कीटकाकरवी करण्याचा जगातील हा पहिलाच मोठा प्रयोग गणला जातो. किडा मात्र चोखंदळ. निवडुंगाच्या दुसऱ्या एका जातीला तो तोंडही लावीना. तिच्यासाठी १९२६ साली सिंहलद्वीपातून त्याचा एक भाऊबंद आणावा लागला, आणि पाच-सहा वर्षांत दक्षिणेतील हजारो एकर जमीन मोकळी झाली. ज्यांचे कुंपण त्याबरोबर गेले, त्यांना मात्र बाभळीच्या काट्यांचा शोध घेणे आले.

कधी माळावर गेलात, आणि फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर एखादा काडीने चिरडून पाहा. काडी लाल होते.