'लॉयल्टी' जहाज : सातारा-सांगलीशी असलेले अनुबंध आणि ऐतिहासिक प्रवासी जहाजांच्या जतनाचा प्रश्न

प्रस्तावना :

सातारा व सांगली या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. त्यामुळे सागरी इतिहासाच्या अभ्यासात त्यांचा उल्लेख सहसा येत नाही. तथापि, आधुनिक भारतीय नौकानयनाचा प्रारंभ ज्या जहाजाने झाला असे मानले जाते, त्या 'लॉयल्टी' या प्रवासी जहाजाच्या इतिहासाचे दोन धागे या दोन जिल्ह्यांपर्यंत येऊन पोहोचतात. हे जहाज आज अस्तित्वात नाही. १९२३ मध्ये ते मोडीत काढण्यात आले. प्रस्तुत लेखात या जहाजाच्या वाटचालीचा आढावा घेऊन, ऐतिहासिक प्रवासी जहाजाचे जतन व प्रत्यक्ष संचालन यांसाठी कोणत्या बाबी आवश्यक ठरतात, याचा विचार केला आहे.

जहाजाचा पूर्वेतिहास :

हे जहाज इंग्लंडमधील बॅरो येथे बांधले गेले व १८९० मध्ये त्याचे जलावतरण झाले. त्याचे मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया' असे होते. कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने प्रशांत महासागरातील वाहतुकीसाठी बांधून घेतलेल्या तीन भगिनी जहाजांपैकी ते पहिले होय. सुमारे ५,९०० टनांचे (सकल टनभार), पांढऱ्या रंगाचे, दोन धुराडी व तीन डोलकाठ्या असलेले हे जहाज त्या काळी वेग व सुखसोयी या दोन्ही दृष्टींनी अग्रेसर मानले जाई. १८९१ मधील त्याची पहिली सफर विशेष उल्लेखनीय आहे. लिव्हरपूलहून निघून सुएझमार्गे पूर्वेकडील बंदरे घेत ते व्हँकुव्हरला पोहोचले. या सफरीसाठी कंपनीने ६०० डॉलर दराने जगप्रदक्षिणेची तिकिटे विकली होती. म्हणजेच मालवाहतूक व टपाल यांबरोबरच पर्यटन हाही या जहाजाच्या उपयोगाचा भाग प्रारंभापासून होता.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यानंतर ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी हे जहाज विकत घेतले. जखमी भारतीय सैनिकांसाठी त्याचे रुग्णालय-जहाजात रूपांतर झाले आणि त्यास 'लॉयल्टी', अर्थात निष्ठा, असे नाव देण्यात आले. ही निष्ठा अर्थातच साम्राज्याविषयीची होती.

येथे साताऱ्याचा धागा सापडतो. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळ गाव कण्हेरखेड हे सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात आहे. राणोजी शिंदे यांच्यापासून या घराण्याचा उदय झाला व महादजींच्या काळात त्याचा दरारा दिल्लीपर्यंत पोहोचला. कृष्णेच्या खोऱ्यातील एका पाटील घराण्याच्या वंशजाने महासागरावरील जहाज खरेदी करावे, हा मराठ्यांच्या इतिहासाच्या विस्ताराचा एक दुर्लक्षित पैलू म्हणावा लागेल.

वालचंद हिराचंद आणि सिंदिया कंपनी :

युद्धसमाप्तीनंतर सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृती सहकाऱ्यांच्या साहाय्याने हे जहाज खरेदी केले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीस ग्वाल्हेरच्या घराण्यावरून 'सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' असे नाव देण्यात आले. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे रवाना झाले. दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिल रोजी, रौलट कायद्याविरुद्ध देशव्यापी हरताळ पाळण्यात आला, हा योगायोग लक्षणीय आहे. साम्राज्यनिष्ठेचे नाव धारण करणारे जहाज अशा रीतीने स्वदेशी उद्योगाचे प्रतीक बनले. १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

प्रतीक म्हणून मोठे ठरलेले हे जहाज व्यवहारात मात्र परवडणारे नव्हते. जवळपास तीस वर्षे वापरात असलेली यंत्रसामग्री, दुरुस्तीचा खर्च आणि ब्रिटिश कंपन्यांची तीव्र स्पर्धा यांमुळे प्रवासी सेवा टिकू शकली नाही. जहाज मुंबईत नांगरून पडले व १९२३ मध्ये ते मोडीत निघाले. त्याच वर्षी सिंदिया कंपनीस ब्रिटिश इंडिया कंपनीशी करार करून दहा वर्षांसाठी किनारी व्यापारापुरती मर्यादा स्वीकारावी लागली. कंपनीचे ध्येय मात्र संपुष्टात आले नाही. विशाखापट्टणम येथील तिच्या गोदीत बांधलेल्या 'जलउषा' या जहाजाचे जलावतरण पंडित नेहरूंच्या हस्ते १९४८ मध्ये झाले.

सांगलीचा धागा येथे जोडला जातो. सांगली येथे १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ मध्ये वालचंद यांचे नाव देण्यात आले. ज्या उद्योजकाच्या पहिल्या जहाजाचा सांगाडाही उरला नाही, त्याचे नाव कृष्णाकाठच्या एका विद्यासंस्थेने जतन केले आहे.

जतनाचा प्रश्न :

'लॉयल्टी' जतन करता आले असते काय, हा प्रश्न केवळ भावनिक नाही. भारतीय कायद्यातील वारसा-संकल्पना प्राधान्याने शंभर वर्षांच्या कालमर्यादेवर आधारलेली आहे. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८चा कायदा आणि पुरावस्तूंविषयीचा १९७२चा कायदा या दोहोंत सर्वसाधारणपणे हीच मर्यादा आढळते. पोलादी जहाजाचे आयुष्य मात्र बहुधा पंचवीस ते चाळीस वर्षांचे असते. मोडीत निघाले तेव्हा 'लॉयल्टी' अवघे तेहेतीस वर्षांचे होते. तात्पर्य, जहाज 'प्राचीन' ठरण्याची वाट पाहिल्यास जतन करण्यासारखे काही शिल्लकच राहत नाही. त्याचा निर्णय ते सेवेतून निवृत्त होते त्याच क्षणी घ्यावा लागतो.

दुसरी अडचण खर्चाची होय. किल्ला ओस पडला तरी त्याचे दगड टिकतात. पाण्यात उभे असलेले जहाज मात्र दररोज गंजत असते. याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण 'विक्रांत' या विमानवाहू युद्धनौकेचे आहे. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली ही नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे मुंबईत ती संग्रहालय म्हणून खुली होती. तथापि, सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले व २०१४ मध्ये नौका भंगारात गेली. लोकभावना प्रबळ असूनही केवळ प्रदर्शन म्हणून उभे केलेले जहाज टिकू शकले नाही.

याउलट, चालते जहाज जतन करण्याचे उदाहरण स्कॉटलंडमधील 'वेव्हर्ली' या सहल-जहाजाचे आहे. १९४७ पासून सेवेत असलेले हे चाकाचे आगबोट १९७३ मध्ये निवृत्त झाले. पुढील वर्षी ते एका हौशी जतन-संस्थेस एक पौंड या नाममात्र किमतीस देण्यात आले आणि १९७५ पासून ते पुन्हा प्रवासी वाहू लागले. तिकिटांचे उत्पन्न, देणग्या, सार्वजनिक निधी व स्वयंसेवकांचे श्रम या चार आधारांवर हा उपक्रम उभा आहे. तरीही २०१९ मध्ये बाष्पके निकामी झाल्याने संपूर्ण हंगाम रद्द करावा लागला. लोकवर्गणीसह निधी उभारून ती बदलल्यानंतरच सेवा पूर्ववत झाली. भारतातही कोलकाता बंदराच्या मालकीची, १९४०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये बांधलेली 'भोपाळ' ही चाकाची आगबोट अलीकडे दुरुस्त करून नव्या उपयोगात आणली गेली आहे.

या उदाहरणांवरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, जहाजाला उत्पन्न देणारा उपयोग हवा. दुसरी, गोदीतील नियमित तपासणी, तळाच्या पत्र्यांची जाडी मोजणे, बाष्पकांची चाचणी व प्रशिक्षित खलाशी यांत तडजोड करता येत नाही. तिसरी, मूळ भाग व सुरक्षितता यांत संघर्ष उद्भवल्यास मूळ भागाने माघार घ्यावी लागते. नवे बाष्पक बसविल्याने जहाजाची ऐतिहासिकता उणावते, परंतु न बसविल्यास जहाजच उरत नाही.

स्थानिक संदर्भ :

हा विवेक सातारा-सांगलीला परका नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयामुळे बामणोली, तापोळा परिसरातील जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या व लाँच हे दळणवळणाचे साधन बनले. पुढे त्याच जलमार्गांवर पर्यटकांच्या सहली सुरू झाल्या. सांगली परिसरात कृष्णेच्या पात्रातील होड्यांच्या शर्यती आजही लोकप्रिय आहेत. त्याच कृष्णेच्या महापुरात ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून अनेक ग्रामस्थांचा बळी गेला. बोट ही जशी परंपरा आहे, तशीच ती माणसांचा जीव पेलणारी वस्तू आहे, याचे हे वेदनादायक स्मरण होय. अंतर्देशीय जलयानांविषयीचा २०२१चा कायदा नोंदणी, तपासणी व चालकांची पात्रता यांवर भर देतो, तो याच कारणास्तव. जतनाच्या उत्साहात या तरतुदींकडे दुर्लक्ष होता कामा नये.

समारोप :

'लॉयल्टी' परत मिळणार नाही. परंतु तिच्या इतिहासातून मिळणारा बोध उपयुक्त आहे. वस्तू नष्ट होण्यापूर्वी तिची नोंद करणे, हे जतनाचे पहिले व सर्वांत कमी खर्चाचे पाऊल होय. कोयनेवरील जुन्या लाँच, कृष्णेवरील होड्या, त्या बांधणारे सुतार व चालविणारे नावाडी यांच्या मोजमापांच्या, आराखड्यांच्या व मौखिक आठवणींच्या नोंदी इतिहास आणि अभियांत्रिकी या विभागांनी एकत्रितपणे करणे शक्य आहे. राष्ट्रीय सागरी दिन महाविद्यालयांत साजरा होतो तो बहुधा भाषणांनी. त्या दिवशी विद्यार्थ्यांचा एक गट नदीकाठी जाऊन एका होडीचे जरी मोजमाप घेऊन आला, तरी समुद्र नसलेल्या या दोन जिल्ह्यांनी सागरी इतिहासाचे आपले ऋण काही अंशी फेडले, असे म्हणता येईल.