अंगणातील हिरवळीसाठी तुषार सिंचन : काम देण्यापूर्वी

फलटण : महाबळेश्वरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्याच सातारा जिल्ह्यातील फलटण मात्र पर्जन्यछायेत येते. त्यामुळे बंगल्यापुढे हिरवळ राखणाऱ्याने फवाऱ्यांच्या किमतीआधी पाण्याचा हिशेब मांडणे अगत्याचे ठरते.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरले, तर १००० चौरस फुटांना (सुमारे ९३ चौरस मीटर) साडेचारशे लिटरहून अधिक पाणी लागते. शहरी पुरवठ्याच्या दरडोई १३५ लिटरच्या निकषाने हे तीन माणसांच्या वाट्याहून जास्त आहे. एवढे पाणी नसेल, तर हिरवळ लहान करून झाडाझुडपांना ठिबक द्यावे.

दाब आणि आखणी

जमिनीतून वर येणाऱ्या फवाऱ्यांना साधारण २ किलो दाब लागतो. दहा मीटर उंचीवरील टाकी जेमतेम १ किलो दाब देते, त्यामुळे बहुधा पंप बसवावाच लागतो. तो नगरपालिकेच्या नळाला थेट न जोडता साठवण टाकीला जोडावा. पंपाचे पाणी बादलीने मोजावे : १५ लिटरची बादली एका मिनिटात भरली, तर तासाला ९०० लिटर. एका वेळी चालणाऱ्या फवाऱ्यांची एकूण गरज याहून अधिक असल्यास हिरवळीचे भाग पाडून प्रत्येकास स्वतंत्र व्हॉल्व्ह द्यावा. एका फवाऱ्याचे पाणी शेजारच्या फवाऱ्यापर्यंत पोचले पाहिजे, अन्यथा मधले गवत वाळते. कूपनलिकेच्या जड पाण्याचे क्षार तोट्यांत साचतात. म्हणून गाळणी बसवून तोट्या वेळोवेळी साफ कराव्यात.

काम कोणास द्यावे?

शेतात तुषार संच बसविणारे कारागीर या भागात मिळतात. पण शेतातील फवारे लांब फेक करतात, ते अंगणात भिंती आणि रस्ताच भिजवतात. त्यामुळे आधी केलेले हिरवळीचे काम प्रत्यक्ष चालू असताना पाहावे. किमान दोन दरपत्रके घ्यावीत. त्यांत पाइपचा व्यास व दर्जा, फवाऱ्यांची संख्या, चराची खोली, पंपाची क्षमता व हमीची मुदत लेखी असावी. चर बुजविण्यापूर्वी पाणी सोडून गळती तपासावी आणि पाइपचा नकाशा मागून घ्यावा. शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्यावा.

संच पहाटे चालवावा. तेव्हा वारा व बाष्पीभवन कमी असते. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरते, म्हणून ते मध्ये खंड ठेवून दोन वेळा द्यावे. पावसाळ्यात संच बंद ठेवण्यास विसरू नये.